डॉक्टरांकडे राहिलेला शब्द

आमच्या नाब्लुसमध्ये डॉक्टर वासिफ हन्नून रस्त्याने येताना दिसले की धडधाकट माणसंही पोट आत घेऊन उभी राहायची. खरं तर डॉक्टर कुणाला हातही लावत नसत. इतरांनी कापून पाठवलेले तुकडे काचपट्टीवर घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि साधं की वाईट ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यांची दाढी करताना आमचा न्हावी आरशात बघत नसे.

डॉक्टरांचा जन्म याफाजवळच्या गावातला. ते गाव आता नकाशावर नाही. आईच्या कडेवरून इथल्या छावणीत आले, कंदिलापाशी शिकले, कैरोला जाऊन पॅथॉलॉजिस्ट झाले. "हेच का हो निवडलंत?" मी एकदा विचारलं. मी कुनाफ्याचा हलवाई, मला असले प्रश्न शोभतात.

"अबू आसेम," ते म्हणाले; आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला अबू आणि आईला उम्म म्हणतात. "माणसांशी बोलताना माझी एकदा चूक झाली. तुकड्यांशी बोलावं लागत नाही."

ती चूक साऱ्या गावाला पाठ होती. आमच्याकडे कॉफी संपवून कप खाली ठेवताना पाहुणा 'दायमे' म्हणतो. कायम राहो, तुमच्या घरी अशीच कॉफी होत राहो. फक्त सुतकाच्या घरी, कडू कॉफीनंतर, हा शब्द चुकूनही काढायचा नसतो. तिथे त्याचा अर्थ होतो, असंच चालू राहो. छोट्या वासिफने आजोबांच्या सुतकात, भरल्या खोलीत, शिकवल्याप्रमाणे खणखणीत 'दायमे' म्हटलं. वर्षभर त्या घरातलं कॉफीचं भांडं चुलीवरून उतरलं नाही. काका गेला, आत्या गेली, मग आई.

तेव्हापासून ते हा शब्द फार जपून वापरत. लोकांचा समज असा की डॉक्टर 'दायमे' म्हणाले तर घर सुखरूप. न म्हणता कप ठेवला तर तिथलं कुणीतरी निघालं. त्यामुळे शहाणी माणसं त्यांना चहाच देत.

एका वसंतात माझ्या बायकोच्या, रसमिय्याच्या छातीत गाठ निघाली. तुकडा डॉक्टरांकडे गेला. मी कुनाफ्यात साखर घालायला विसरलो आणि गिऱ्हाइकांनी तो कौतुकाने खाल्ला, इतका माझा चेहरा उतरला असणार. मग एका दुपारी डॉक्टर स्वतःच दारात उभे राहिले. "गाठ साधी आहे," ते उंबऱ्यावरूनच म्हणाले.

मी भिंतीला टेकलो. "चहा टाक," कसाबसा बोललो.

"कॉफीच करणार," रसमिय्या म्हणाली. "आणि तुम्ही तोंड मिटा, माशी जाईल."

डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत.

"डॉक्टर, काहीतरी विसरलात," रसमिय्या म्हणाली.

"विसरलो नाही, उम्म आसेम." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या कपात बराच वेळ पाहत राहिले. "आज या खोलीत म्हणता येत नाही. तुमचा शब्द माझ्याकडे राहिला. पुढच्या कॉफीला देतो."

त्या दिवसापासून आमच्या घरातली झोप उडाली. मी शिडीवर चढणं सोडलं, मासे सोडले, सासूकडे जाणं सोडलं. यातलं तिसरं खूप आधीच सोडायला हवं होतं. रसमिय्याचा हात मात्र सारखा छातीकडे जायचा. "साधी आहे म्हणाले ते दयेपोटी," ती म्हणे. "खरं ते कपाने सांगितलं."

पुढची कॉफी झालीच नाही. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत डॉक्टर वारले. सुतक त्यांच्या बहिणीच्या घरी होतं. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका पडद्याआड. त्यांचे मेहुणे माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्या बायकोचा तुकडा बघितला ना, त्याच सकाळी त्यांनी स्वतःचाही बघितला होता. कुणाला बोलले नाहीत."

म्हणजे आमच्या खोलीत निघालेला माणूस होता, आणि तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता.

कडू कॉफी फिरली. सगळे माना घालून पीत होते. तेवढ्यात पडद्याच्या बाजूने, हळू पण स्वच्छ, शब्द आला: "दायमे."

कॉफी ओतणाऱ्याचा हात थांबला आणि उरलेली माझ्या गुडघ्यावर सांडली.

घरी जाताना मी रसमिय्यावर उखडलो. "अक्कल गहाण टाकलीस? सुतकात कुणी म्हणतं का?"

"मी?" ती थबकली. "आम्ही सगळ्या तुम्हालाच लाखोली वाहत होतो. आवाज तुमच्या बाजूने आला. पुरुषाचा होता."

दोघंही रस्त्यात उभे राहिलो. तिचा हात सवयीने छातीवर गेला होता, तो तिने सावकाश खाली घेतला. "मग दिला त्यांनी," ती म्हणाली.

याला आता खूप वर्षं झाली. रसमिय्या ठणठणीत आहे, याची साक्ष माझे कान देतील. मात्र पाहुण्याने कप खाली ठेवून 'दायमे' म्हटलं की ती पाहुण्याकडे पाहत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहून मान डोलावते. त्या खुर्चीत आम्ही कुणाला बसू देत नाही.