दादूसचं मानधन

दादूस नळ दुरुस्त करायला आले की आधी नळाच्या मालकाला धरायचे. हातात पान्हा, लुंगी गुडघ्यावर आणि तोंड अखंड चालू. "वायसर बदला सांगून म्हयना झाला. डोक्यात काय भुसा भरलाय?" वायसर बसायचा, पाणी थांबायचं, दादूस थांबायचे नाहीत. पैसे मात्र त्यांनी कधी कुणाकडून घेतले नाहीत.

तशी गरजही नव्हती. पनवेलमधली आमची सोसायटी त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले होते, शिवाय उलव्याकडे विमानतळात गेलेल्या जमिनीची भरपाई. त्यांच्या वयाचे बाकीचे जमीनवाले नव्या गाड्या पुसत बसायचे. हे सकाळी उठून आमच्या पंपाशी झटायचे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. एकदा गच्चीवरची टाकी धुताना, म्हणजे ते धूत होते आणि मी बघत होतो, मी त्यांना समजावलं की उद्या जगातून पैसा गेला तर कुणी इकडची काडी तिकडे करणार नाही.

"पैसा हाय तरी तुमी कुठं करता?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात खराटा दिला.

मग तुम्ही हे सगळं कशासाठी करता, असं मी चिकाटीने विचारलं. टाकीचा एक कोपरा राहिला म्हणून शिव्या मिळाल्या.

गेल्या वर्षी आमच्या कमिटीला माणुसकीचा झटका आला. दादूसना दरमहा मानधन द्यायचा ठराव झाला आणि शाल, नारळ, पाकीट घेऊन मीच पुढे झालो. त्यांनी नारळ ठेवून घेतला, पाकीट परत केलं आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. त्याच आठवड्यात पंप बसला. बाहेरचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आणि मी, दोघेही बिनआंघोळीचे, दादूसच्या दारात उभे राहिलो.

"पैसं घेतलं का तुमचा आयकून घ्यावा लागल," ते म्हणाले. "मना सुनवायचाय."

ठराव आम्ही तिथल्या तिथे फाडला. पंप खोलण्याआधी दादूसनी आम्हा दोघांना मनसोक्त फैलावर घेतलं. त्यांचा चेहरा असा खुलला की पगारवाढीच्या दिवशी माझाही तितका खुलला नसेल. काम करण्याचं हे कारण माझ्या एकाही पुस्तकात नाही. मी ते वर्गात सांगतो आणि परीक्षेत लिहू नका असं बजावतो.

या उन्हाळ्यात दादूस गेले. बाराव्याला सगळी सोसायटी त्यांच्या घरी जमली. कुणाला काय काय ऐकावं लागलं याची चढाओढच लागली. सेक्रेटरींना ते बिनबुडाची बादली म्हणायचे. ते त्यांनी पदवी मिळाल्यासारखं सांगितलं. दादूसची बायको, आमच्या वयनी, भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"घरात तं एक सबद बोलत नवता," त्या म्हणाल्या.

मग पदराने डोळे पुसून त्या जरा पुढे सरकल्या. "आजून सांगा."