सातवा पोचा

त्या दिवशी सकाळी बायको शाळेत शिकवायला गेली नाही. दुपारी शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही तिला परभणीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती गेली. आमची गाडी घरापुढे उभी होती. मला गाडी चालवता येत नव्हती.

त्यानंतर तीन वर्षं गाडी तिथेच उभी राहिली. सेलूत आमचं घर कापसाच्या एका जिनिंगच्या मागे आहे. हंगामात हवेत रुई उडते आणि जिथे चिकटायला जागा मिळेल तिथे बसते. गाडीवर बदामाचं झाड होतं. वटवाघळं बदाम अर्धे खाऊन टपावर टाकत, त्याचा रस वाळे, त्यावर रुई बसे. दुसऱ्या हंगामापर्यंत लाल गाडीला लव आली. तिसऱ्या वर्षी ती लांबून मेंढीसारखी दिसू लागली. शेजारच्या काकूंनी बॉनेटवर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या. मला त्यातल्या दोन डझन मिळाल्या.

मग मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मेव्हणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पोखर्णीकडे शेती करतो. एक दिवस ट्रॅक्टर घेऊनच आला.

“पोरगी हटून बसली दाजी. मंडपात जाईन तर आत्याच्या गाडीतच, म्हनती.”

मी लगेच हो म्हटलं. त्याला नवल वाटलं, कारण तीन वर्षांत मी ती गाडी जागची हलू दिली नव्हती. पण माझं कारण वेगळं होतं. ते इथे सांगून टाकतो.

आमच्या नातेवाइकांत एक विनोद आहे. बारसं असो, जेवणावळ असो, मेव्हणा तो सांगणारच: “आमची ताई भिंतीला शिवल्याबिगर गाडी वळवत न्हाई.” या विनोदाचा जन्म गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावरच्या पोच्यातून झाला. तो पोचा मी पाडला होता. एका रविवारी ती अंघोळीला गेली असताना मला वाटलं, गाडी मागे घेण्यात असं काय आहे. हिरवं फाटक उभं होतं ते आडवं झालं. मी घरात येऊन पुस्तक उघडून बसलो. ती बाहेर आली, तेवढ्यात मेव्हणा दारात येऊन म्हणाला, “ताई, आता काय पाडलं?” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “फाटक मधे आलं.”

त्याला आठ वर्षं झाली होती. लग्नाला सगळे जमणार, गाडी बघणार, विनोद पुन्हा निघणार आणि उत्तर द्यायला ती नसणार. तो पोचा लग्नाआधी गुपचूप काढून टाकायचा, एवढाच माझा बेत होता.

बाजार समितीच्या पुढे ‘कार स्पा’ अशी पाटी आहे. तिथपर्यंत गाडी टोचन करून न्यायचं ठरलं. पुढे ट्रॅक्टर, मधे दोर, मागे आमची गाडी, आणि तिचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी. तो कुणीतरी मी होतो.

“दाजी, तुमी नुसतं ब्रेककडं ध्यान द्या. आन ते पुस्तक घरी ठिवा.”

मी पुस्तक ठेवून आलो. बाजारातून आम्ही बैलाच्या चालीनं गेलो. एका टेंपोवाल्यानं खिडकीशी येऊन अदबीनं विचारलं, “सर, कापूस कोन्त्या जिनिंगला निघाला?”

स्पावाला चाळिशीचा होता. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करून गावी परतलेला. डॉक्टरांसारखं हळू बोलायचा आणि कपाळाला बॅटरी बांधायचा. त्यानं गाडीला बोट लावलं, रुईची बट उपटली, आणि म्हणाला, “तसल्लीनं करावं लागंल सर. आठ दिवस.” त्यानं सीट बाहेर काढल्या, प्रत्येक सीटचे नटबोल्ट आइस्क्रीमच्या वेगळ्या डब्यात ठेवले आणि डब्यांवर नावं लिहिली. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला तो माणूस पटला.

मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन बसू लागलो. रुई आधी वाफेनं मऊ करून काढली. मग फेस, मग मातीच्या गोळ्यासारखा एक लगदा पत्र्यावरून फिरवणं, मग मशिनवर पॉलिश. चौथ्या दिवशी टपावर लाल रंग उगवला. डाव्या सीटखाली उंदराचं घरटं निघालं. निम्मं कापसाचं, निम्मं आमच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकाचं. ती गाडी चालवी तेव्हा मी तिथे बसून वाचत असे. ते पुस्तक परत करा म्हणून हिंदीच्या प्राध्यापकांना मी तीन स्मरणपत्रं पाठवली होती. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

पाचव्या दिवशी मेव्हणाही आला. त्याच दिवशी स्पावाल्यानं पोच्यांची मोजदाद काढली होती. पांढऱ्या टेपचे अकरा तुकडे, त्यावर आकडे.

“प्रत्येकाची हकिकत सांगा सर. मार कसा बसला ते कळलं की पत्रा कुठून उचलायचा ते कळतं. नंबर एक?”

“म्हैस. पोखर्णीच्या रस्त्यावर.”

“म्हशीची चूक.” त्यानं टेपवर खूण केली. “दोन?”

“सोनपेठला उसाची ट्रॉली.”

“ट्रॉलीची.”

तिसरा तिच्या शाळेतल्या झेंड्याच्या कट्ट्याचा होता. स्पावाला तो बराच वेळ बघत राहिला. “ही मॅडमची. पन हळूच लागलाय. ब्रेक वेळेवर मारला.”

मेव्हणा स्टुलावर चहा पीत होता. “ताईला भिंती लय आवडायच्या,” तो म्हणाला.

सातव्याला आम्ही मागे गेलो. मी घरून पाठ करून आलो होतो. “हा काही आठवत नाही,” मी म्हणालो.

स्पावाला उकिडवा बसला. बॅटरी लावली, बोटं फिरवली, पोच्यातून हिरव्या रंगाची खपली नखानं काढली.

“हा रिव्हर्समधे बसलाय. आन बाकी सगळीकडं ब्रेक लागलेला दिसतो, हितं लागलाच न्हाई. धडकल्यावर बी गाडी मागंच रेटलीय.” तो उठला. “हा मॅडमचा हात न्हाई सर. दुसऱ्या कुनाचं तरी काम हाय.”

मेव्हण्यानं कप खाली ठेवला. “कुनाचं?” तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. “चुलत्याचा पोरगा. ताई त्याला गाडी द्यायची मधूनमधून. गप बसला बघा आठ वर्षं. थांबा, लावतो त्याला.”

फोनची रिंग मला ऐकू येत होती. मला हिंदीचे प्राध्यापक आठवले.

“मी,” मी म्हणालो.

“तुमी काय?”

“मी ठोकली.”

“तुमाला तर गाडी येत न्हाई.”

“म्हणूनच.”

फोनमधून “हॅलो, हॅलो” येत होतं. मेव्हणा माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाला, “काय न्हाई. लग्नाला ये,” आणि बंद केला.

मी सगळं सांगितलं. अंघोळ, फाटक, पुस्तक.

“आठ वर्षं मी तिला हसायलो दाजी. आन ती बी हसायची.” मग त्यानं विचारलं, “तुमाला काय म्हनली ती?”

“काही नाही. त्या दिवसापासून किल्ली खिळ्याला लावायची बंद केली. पर्समध्ये ठेवायला लागली.”

तो हसायला लागला. इतका हसला की गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसावे लागले. स्पावाला सभ्यपणे दुसरीकडे बघत उभा होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “मग सातवा काढू का ठिवू?”

“ठिवा,” मेव्हणा म्हणाला. “बाकीचे सगळे काढा.”

“न्हाई जमत. अख्खी गाडी आरशावानी आन एक पोचा. लोक म्हनतील, नजरेतून सुटला.”

शेवटी त्यानं तो आतूनही चकचकीत पॉलिश केला, म्हणजे सुटला नाही हे कळावं.

लग्नाच्या सकाळी फुलवाल्यानं तिथे झेंडूचा गुच्छ चिकटवला. मेव्हण्यानं तो उपटून दुसऱ्या बाजूला लावला. मग दिवसभर तो नवरीच्या गाडीपाशी उभा होता आणि येईल त्याला बोटानं दाखवत होता, “हा दाजीचा.” हिंदीच्या प्राध्यापकांनाही मी बोलावलं होतं. त्यांनी पोचा वाकून नीट पाहिला आणि इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलले. “बराच खोल आहे,” ते म्हणाले.

गाडी आता बदामाखाली नसते, पत्र्याच्या शेडमध्ये असते. रविवारी मेव्हणा येतो, चालवतो, मी डावीकडे बसतो. किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. तिच्या नावावर आता एकही पोचा नाही. गाडीला एक आहे, तो माझा आहे.