शिंपले सापडले तिथवर गोदावरी

शिर्डी मागे टाकून एस.टी. कोपरगावच्या पुलावर आली आणि मी खिडकीला नाक लावले. दुष्काळाने गोदावरी इतकी आटली होती, की रुंद वाळूतून पाण्याची चिंचोळी पट्टीच काय ती वाहत होती.

माझे मित्र वसंतराव नव्या वसाहतींची आखणी करतात. नदीकाठाचे सर्वेक्षण एक खाते करते, गावाची वाढ दुसरे ठरवते. वसाहतीच्या नकाशावर उद्या सही होण्यापूर्वी त्यांना जागा पाहायची होती. भूगोलाचा शिक्षक म्हणून मलाही आमंत्रण होते. पिठले-भाकरी उरकून आम्ही काठावर पोहोचलो. तेथे कुंभारांच्या घरांसाठी खुंट्या ठोकल्या होत्या.

"पाणी चांगलेच लांब आहे. जागा सुरक्षित दिसते," मी अधिकारवाणीने म्हणालो.

मागून हसू ऐकू आले. सरूबाई कुंभारीण कुदळ घेऊन उभ्या होत्या. पहिली खुंटी त्यांच्याच घराची.

"गुर्जी, औंदा नदी माहेरी गेलीया. परत येनारच न्हाई व्हय?"

"माती जवळ म्हणून तर ही जागा दिली, मावशी," वसंतराव म्हणाले.

"माती मडक्याला हवी सायेब, घराला न्हाई. हितं आवा (मडकी भाजण्याची भट्टी) लावला, तर पयल्या पुरात समदं जाईल."

त्यांनी खुंटीशेजारी हातभर खणले. काळी जमीन भेगाळते; ही माती मात्र पापुद्र्यांनी सुटत होती. ढेकूळ फोडून त्यांनी माझ्या तळहातावर नदीतला शिंपला ठेवला. म्हणजे पुराचे पाणी येथवर आले होते! मी हरखूनच गेलो. दर दहा पावलांवर खणत आम्ही चढ चढू लागलो. दुसऱ्या खड्ड्यात शिंपले, तिसऱ्यातही शिंपले! खुंट्यांची अख्खी पहिली ओळ मागे पडली. अखेर एका बाभळीपाशी कुदळ खणकन वाजली. मुरूम! तेथे गाळ नव्हता, शिंपलेही नव्हते.

वसंतरावांनी दोन्ही खात्यांचे नकाशे एकावर एक ठेवून उन्हात धरले. नदीकाठाच्या नकाशावर पुराची रेषा नेमकी बाभळीजवळून जात होती. वसाहतीच्या नकाशावर ती कोणी उतरवून घेतलीच नव्हती! त्यांनी सरूबाईंची खुंटी स्वतः उपटली आणि मुरमात रोवली.

"उद्या सही होईल ती या खुंटीपासून नव्याने आखलेल्या नकाशावर, मावशी. माती मात्र खालून वाहावी लागेल."

"लई वर्सं वाहिलीया. भिंत तरी उभी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मग खुंटी हलवून पाहिली. "आजून खोल ठोका की!"

परतीच्या एस.टी.त मी वहीत लिहिले: नदीची रुंदी एका वर्षाच्या पाण्यावरून मोजू नये; ती तिच्या सर्वांत मोठ्या पुराइतकी असते, आणि गावाने तेथून पुढे वाढावे. हा धडा शिकवताना मुलांना पुस्तक मिटायला सांगेन आणि कुदळ घेऊन ओढ्यावर नेईन.