सुषमाचे उंदीर

सुषमा परब गेली, हे तिच्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी मरोळच्या बाजारात मेथीची जुडी घेत होते. "ताई गेली गो," एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा सरस कुणी नाही. दुःख नंतर आलं, भरपूर आलं… पण आधी तो विचार आला, हे खरं.

चेंबूरच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो. ती घाटकोपरच्या चाळीतली. मी मुलुंडची, कॉलेजात कायम पहिली आलेली. आमचं काम एका विशिष्ट जातीच्या उंदरांवर. त्यांच्या शरीरातल्या संरक्षक पेशी स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटतात आणि त्यांना मधुमेह होतो, लहान मुलांना होतो तसा. तो थांबवायचा कसा, हे आम्ही शोधत होतो. आमचे प्रमुख, सर, दोघींना सारखंच वागवत, पण काही अडलं की हाक मात्र एकच, "सुषमा, जरा बघ गं." ती हाक मला वर्षानुवर्षं टोचली.

एकदा माझे चांगले दिवस आले. मी औषध देत होते ते उंदीर अगदी ठणठणीत राहिले. घाईघाईनं पेढे आणले. सुषमानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "औषध न दिलेल्यांची साखर बघितलीस?"

"बघीन गं, पुढच्या आठवड्यात."

"बघीन नाही, आत्ता बघ ना."

"जळतेस तू!" मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"जळत असेन यार. पण साखर बघ."

बघितली. शेपटीतून रक्ताचा थेंब काढत एकेक उंदीर तपासला. तेही ठणठणीत! हे उंदीर स्वच्छ खोलीतच जास्त आजारी पडतात. बाहेरचा संसर्ग शिरला की पेशी त्याच्यात गुंततात आणि स्वादुपिंड वाचतं. माझ्या उंदरांच्या खोलीत तेच झालं होतं, औषधाचा काही संबंध नव्हता. सगळ्या कामाची वाट लागली. सुषमा माझ्याबरोबर पिंजरे धुवायला थांबली. "सांगितलं होतं ना?" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती, तर कदाचित मी तिला माफ केलं असतं.

परवा सरांनी तिचे उंदीर माझ्याकडे सोपवले. मी उंदीर शेपटी धरून उचलते, सगळेच तसे उचलतात. हात दिसला की माझे उंदीर कोपऱ्यात दडतात. तिच्या पिंजऱ्यात हात घातला, तर शेपटी शोधायच्या आतच एक मादी चालत आली आणि तळहातावर बसली. मग दुसरी. सुषमा त्यांना ओंजळीतच घ्यायची. हात म्हणजे त्यांना तेवढंच ठाऊक.

गेलेल्या बाईचा इतका हेवा वाटावा… शेपटी न धरता उचलायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. हात तसाच आत ठेवून मी उभी राहिले.