मागून हाक देणारा अंकुश

अंकुशचा आवाज हे एक प्रकरणच होतं. दिघ्यातल्या चाळीत तो बायकोकडे चहा मागायचा, तेव्हा पलीकडच्या तिसऱ्या घरात कळायचं की अंकुश कामावरून आला. यात त्याचा काही दोष नव्हता. पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या प्रेसवर त्याची सगळी हयात गेली होती, आणि तिथं शेजारच्या माणसाला नुसतं 'सरक' म्हणायचं तरी घसा ताणावा लागतो. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण ते कुणीच घालत नसे. बोळे घातले की क्रेनवाल्याची हाक ऐकू येत नाही, आणि क्रेनखाली सापडण्यापेक्षा कान गेलेले परवडले, असं तिथं सगळेच मानत.

या आवाजामुळेच त्याला मान मिळाला. तोही कुठं, तर सीवूड्सच्या टॉवरांमधल्या साहेब लोकांत. त्याला तिथं नेलं हारुननं. हारुन मूळचा उरणकडचा, सीवूड्सला त्याचं हार्डवेअरचं दुकान. अंकुश एकदा नळाचा कॉक घ्यायला गेला तेव्हा दुकानाच्या दारात लावलेली त्याची जुनी सायकल हारुननं पाहिली.

"ही घेऊन दिघ्यावरना आलास?"

"मग काय विमानानं येऊ?"

हारुन इतका हसला की गिऱ्हाईकं बघायला लागली. पुढच्या रविवारी अंकुश त्यांच्या सायकल ग्रुपमध्ये होता, हारुनच्याच जुन्या गिअरच्या सायकलवर. एकजण महाडकडच्या बौद्धवाडीतून आलेला, दुसरा खाडीकाठचा कोकणी मुसलमान. दोघांचं जे जमलं ते सख्ख्या भावांचंही जमत नाही.

त्यांचा रस्ता ठरलेला असे. उलवे ओलांडून जासईला यायचं, कंटेनरच्या यार्डांमधली धूळ खात चिरनेर गाठायचं. चिरनेरला जंगल सत्याग्रहाचं स्मारक आहे. तिथं थांबून चहा व्हायचा, आणि हारुन प्रत्येक नव्या माणसाला एकोणीसशे तीसचा गोळीबार सांगायचा. आपण स्वतः तिथं हजर होतो अशा थाटात सांगायचा. दाताचा डॉक्टर धनेश हा ग्रुपचा म्होरक्या. तो घड्याळ दाखवायचा, पण हारुन गोष्ट पुरी केल्याशिवाय कुणाला सायकलवर बसू द्यायचा नाही. मग डोंगरातली खिंड चढायची, पलीकडे उतरायचं, आणि कर्नाळ्याचा सुळका समोर ठेवून पनवेलमार्गे घरी यायचं. एकदा महाडपर्यंत जायचं दोघांच्या मनात होतं. "तू मला तुझं चवदार तळं दाव, मी तुला रायगड दावतो," असं हारुन म्हणायचा, जसा काही रायगड त्याच्या मामाचा होता.

ग्रुपचा एक नियम होता. सगळ्यात मागं एक पक्का माणूस ठेवायचा आणि मागून गाडी आली की त्यानं ओरडून सांगायचं. कार असेल तर 'छोटी', ट्रेलर असेल तर 'मोठी'. 'मोठी' ऐकली की मान वळवायची नाही, विचार करायचा नाही, गुमान डावीकडे कडेला जायचं. हे काम अंकुशकडे आलं. त्याची 'मोठी' अशी निघायची की सगळ्यात पुढच्या धनेशलाच काय, रस्त्याकडेच्या म्हशींनाही कळावं. रेशनच्या रांगेत, बढतीच्या यादीत, भावकीच्या पंगतीत आयुष्यभर शेवटी राहिलेला हा माणूस. पण इथं शेवटी राहणं हाच मान होता. बाकीचे त्याच्या भरवशावर डोळे पुढं ठेवून सायकल मारायचे. या एका गोष्टीवर तो आठवडा काढायचा.

आणि नेमके त्याचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग दारावरची थाप कळेनाशी झाली. बायको शर्मिला त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं. परत येताना शर्मिला रिक्षात त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "हारुनभायना सांगा आता. मागं राहू नका."

"सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याला मधे घेतलं असतं, प्रेमानं घेतलं असतं, 'काका, तुम्ही आरामात चला' म्हणाले असते. तेच त्याला नको होतं. मशीन त्यानं घेतलं नाही. ते कानाला लावून रविवारी जायचं कसं? त्याऐवजी त्यानं हँडलला एक गोल आरसा बसवला. ग्रुपनं खूप चिडवलं. "अंकुश, लिपस्टिक लावतोस का काय रे?" असं हारुननं विचारलं आणि अंकुशही सगळ्यांबरोबर हसला. आरशात ट्रेलर दिसला की तो ओरडायचा. कुणाला पत्ता लागला नाही. सरळ रस्त्यावर आरसा कानापेक्षा बरा, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं. दोन हिवाळे हे असं चाललं.

पण खिंड काही सरळ नाही. वळणावर आरशात दिसतो तो फक्त डोंगर. हे त्याला ठाऊक होतं. तिथं तो सारखी मान वळवून बघायचा आणि बाकी दैवावर सोडायचा. मूर्खपणा होता. दुसऱ्यांचे जीव दैवावर सोडायचा हक्क त्याला कुणी दिला होता?

जानेवारीतला रविवार होता. चिरनेरला हारुननं गोष्ट सांगितली, चहाबरोबर दोन वडे जास्त खाल्ले, आणि खिंड चढताना त्या वड्यांना शिव्या घातल्या. चढ संपला. उताराला सगळे सुटले. रस्त्याची कड उखडलेली, म्हणून हारुन जरा मधून चालला होता. अंकुश त्याच्या मागंच होता. डावं वळण आलं. आरशात झाडं आणि दगड. पुढं खड्डे होते म्हणून त्या वळणावर अंकुशनं मान वळवली नाही.

उजव्या खांद्याला गरम वारा लागला तेव्हा त्याला कळलं. रिकामा ट्रेलर त्याला घासून पुढं निघाला होता. "मोठी!" तो ओरडला. सगळी ताकद लावून ओरडला. पुढच्या सगळ्यांनी ती हाक ऐकली आणि सगळे कडेला गेले. हारुनला कडेला जायला वेळच मिळाला नाही. ट्रेलरची मागची चाकं त्याच्यावर होती.

हारुननं दवाखान्याच्या वाटेवरच जीव सोडला. त्याचं डोकं अंकुशच्या मांडीवर होतं. ओठ हलत होते. तो कलमा म्हणत होता की काही मागत होता, ते अंकुशला ऐकू आलं नाही.

पोलिसांपुढं धनेशनं सरळ सांगितलं, "अंकुशची हाक आम्ही सगळ्यांनी ऐकली. हारुनच बाजूला झाला नाही." तो खोटं बोलत नव्हता, त्याला जे ऐकू आलं ते त्यानं सांगितलं. अंकुश शेजारच्या बाकावर बसला होता. हाक केव्हा दिली, हे कुणी त्याला विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

दवाखान्यानं हारुनच्या वस्तू पिशवीत घालून परत दिल्या. त्यात इअरबड्सची डबी होती, फुटलेली, आणि आत एकच बड. मग लोकांनी काय तो अर्थ लावला. कानात गाणी असतील, हाक ऐकू आली नसेल. सायकलवर हे असलं घालू नये हो, असं जनाज्याला आलेलेही बोलले. ते बड्स हारुनला त्याच्या वाढदिवसाला त्याच्या मुलीनं, तस्नीमनं दिले होते.

हे अंकुशला कळलं शर्मिलाकडून. ती खदीजाला, हारुनच्या बायकोला भेटून आली होती. चप्पलही न काढता ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पोरगी जेवत नाही. कॉलेज सोडलंय. म्हणते, मी अब्बूला मारलं."

अंकुशला खरं ठाऊक होतं. हारुन सायकलवर बड्स घालत नसे. कधीच नाही. डबी जर्सीच्या पाठीवरच्या खिशात असायची. घरी परतताना पनवेलला चहाच्या टपरीवर बसून तो त्यावर क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायचा. डबी रस्त्यावर फुटली आणि एक बड कुठंतरी झाडीत गेला, इतकंच. त्या दिवशीही हारुनचे दोन्ही कान अंकुशला समोर मोकळे दिसत होते.

हारुनच्या चाळिसाव्याच्या आधी तो सीवूड्सला गेला. सायकल नाही नेली. वाटेत त्यानं एक वाक्य घोकलं होतं: हारुनच्या कानात काही नव्हतं, मी मागंच होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढंच सांगायचं आणि उठायचं. पोरगी सुटेल, आणि आपलं आपल्याजवळ राहील.

खदीजानं दार उघडलं. "या अंकुशभाऊ, बसा." तिनं पाणी आणलं. तस्नीम आतून आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. गुबगुबीत गालांची पोरगी. आता तोंडावर नुसतं नाकच उरलं होतं. अंकुशला रडू फुटायला लागलं, पण त्यानं वाक्य म्हटलं. घोकल्याप्रमाणे, पूर्ण.

खदीजा पदर तोंडाला लावून त्याच्याकडे बघत राहिली. तस्नीमनं मान वर केली. तिचे ओठ हलले.

"काय बाळा?"

ओठ पुन्हा हलले. आवाज त्या पोरीच्या गळ्यातच राहत होता. एरवी अंकुशनं मान डोलावली असती. असल्या वेळी हो-हो करून निभावून न्यायची कला त्याला चांगली साधली होती. पण ही पोरगी काहीतरी विचारत होती आणि उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या बापाचे हलणारे ओठ त्याच्या मांडीवरच राहिले होते. आता हे दुसरे ओठ सोडून उठणं त्याच्यानं होईना.

"मोठ्यानं बोल बाळा," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

 मग तस्नीमनं जोर लावून विचारलं, "मग अब्बूला तुमची हाक का नाही ऐकू आली?"

विचारता विचारताच तिला उत्तर मिळालं होतं, ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. खदीजाच्याही.

"केव्हापासना?" खदीजानं विचारलं. हे मात्र त्यानं ओठांवरून ओळखलं.

"दोन वर्षं झाली, भाभी."

"ह्यांना ठावं होतं?"

"नाही. कुणालाच नाही. मी ओरडलो, पन ट्रेलर पुढं गेल्यावर." त्यानं हात जोडले. 

तस्नीम आईच्या मांडीवर कोसळली. तिची पाठ हलत होती, तोंड उघडं होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत असावी. अंकुशपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. खदीजा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं वर पाहिलं. ती कधीच मोठ्यानं बोलायची नाही. हारुन तिला त्यावरून चिडवायचा. आता तिनं आवाज चढवला. रागानं नाही. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून, त्याला नीट कळेल असं ती म्हणाली,

"अंकुशभाऊ, तुमी सांगितलंत, माजी पोर वाचंल. पन आता ह्या घरात परत येऊ नका."

त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं.