पूर्वज वाटणारा वाटाड्या

तीस वर्षांच्या नोकरीत मी तलवारी जप्त केल्या, गावठी बंदुका जप्त केल्या, एकदा तर बैलजोडी जप्त करून तिला आठ दिवस चाराही घातला. तरी ती घटना आजही आठवते ती एका नारळामुळे. लाखेची मोहोर लावून मुद्देमालाच्या कपाटात ठेवलेला तो माझ्या नोकरीतला एकमेव नारळ.

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि माझ्यासारखे काही अधिकारी पश्चिमेकडून उचलून तिकडे पाठवले गेले होते. मी सातारा भागातला. बदलीचा हुकूम आला तेव्हा नातेवाईक असे भेटायला आले की जणू मला वाघाच्या तोंडी द्यायचं ठरलं आहे. चांद्यात मला वाघ दिसला नाही. दिसला तो उन्हाळा, आणि कानावर आली ती भाषा, जी मराठीच आहे हे समजायला मला पंधरा दिवस लागले. मी एकटाच होतो. स्वभाव तापट. ठाण्याबाहेर कोणाशी बोलावं असं माणूस नव्हतं.

ठाण्यात माझा आधार म्हणजे एक वयस्कर हवालदार. भामरागडकडचा, जातीनं गोंड, पेन्शनीला दोन वर्षं उरलेला. पावसाळ्यात त्याच्या गावचा रस्ता बंद झाला की महिनोन्‌महिने घरचं पत्र येत नसे. त्यामुळेच की काय, त्याला कुठल्याच गोष्टीची घाई नव्हती.

एका सकाळी रोजनामचा लिहून होतो न होतो तोच आमच्या खबऱ्यांपैकी एक टांगेवाला आत आला आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "साहेब, अंचलेश्वर गेटाबाहेर एक माणूस मुडदे वाटून राह्यला."

"काय वाटतोय?"

"मुडदे जी. पाव्हण्याईले. एकेकाले एकेक."

मी उठून पट्टा कसला. रिव्हॉल्व्हर काढलं. हवालदार जागचा हलला नाही.

"बसा साहेब," तो म्हणाला. "पुराने मुडदे आहेत. तीनचारशे वर्साचे. पळून जात नाईत."

मग त्यानं सांगितलं ते असं. गोंड राजांनी बांधलेला गावाचा परकोट, म्हणजे तट, त्याच्या त्या दरवाज्याबाहेर झरपट नदीकडे जुन्या कोरीव दगडांची एक रांग होती. लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, पण कोणाचे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटलेला एक माणूस बाहेरगावच्या पाहुण्यांना आठ आण्यांत गाव फिरवून दाखवी. पूर्वी तो दरवाज्याच्या जकात नाक्यावर कारकून होता. गाड्या थांबवून गाडीवानांना दरवाज्याचा इतिहास सांगत बसे आणि मागे नदीपर्यंत रांग लागे, म्हणून त्याची नोकरी गेली. आता तो पाहुण्याचं आडनाव विचारतो आणि त्याच आडनावाचा एक शूर पूर्वज त्या दगडांतून काढून देतो.

मला हे भयंकर वाटलं. सरळ सरळ फसवणूक! पण फिर्याद नव्हती. फिर्याद नसेल तर स्वतः खात्री करावी, हे आमचं शिक्षण. दुसऱ्या दिवशी मी धोतर नेसलो, काळी टोपी घातली आणि डाळीचा व्यापारी म्हणून त्याला गाठलं. आडनावही खोटं घेतलं. ते मी सकाळी दाढी करताना ठरवलं होतं.

त्यानं मला तीन तास फिरवलं. चार दरवाजे, पाच खिडक्या म्हणजे तटातले लहान दरवाजे, हत्तीवर चढलेला कोरीव सिंह, राजाच्या वेळच्या पाण्याच्या वाटा. मला त्या गावात येऊन चार महिने झाले होते आणि मी ठाणं, कचेरी आणि खानावळ यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. तो भिंतीवर असा हात फिरवी की मलाही फिरवावासा वाटे. शेवटी आम्ही दगडांपाशी आलो. त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो थबकला.

"अरे बाप्पा!" तो हळूच म्हणाला. "मंग तुमी उशीर केला, भाऊ. हा कधीचा वाट पाहून राह्यला."

पुढे त्यानं सांगितलं की माझा तो पूर्वज पश्चिमेकडून एकटाच चाकरीला आला होता, इथली भाषा त्याला येत नव्हती, आणि दरवाजा राखताना तो पडला. पूर्वज खोटा, आडनाव खोटं, व्यापारी खोटा, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पायातले बूट काढले. हे मी अहवालात लिहिलं नाही.

फिर्याद आली पुढच्या रविवारी. एक नाही, दोन.

वाटाड्यानं मागे दिलेल्या पूर्वजाला नारळ वाहायला नागपूरचा एक लाकूड ठेकेदार सहकुटुंब गाडी करून आला होता. पूर्वजाच्या नावाची रंगवलेली पाटीही आणली होती. त्याच वेळी अमरावतीचे एक पेन्शनर मास्तर मुलं, सुना, नातवंडांसह येऊन ठेपले. त्यांच्या हातात वंशावळीची गुंडाळी होती आणि तिच्यात लाल शाईनं एक नवी फांदी काढलेली होती. दोघांकडे नारळ. दोघं एकाच दगडासमोर वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. ठेकेदारानं घाईघाईत आपला नारळ फोडून घेतला. मास्तरांनी छत्री चालवली. हवालदार पोचला तेव्हा छत्री मोडली होती, पाटीचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींची कुळं काढत होत्या.

सगळी वरात ठाण्यात आली. मुद्देमाल जप्त झाला: छत्री एक, पाटी दोन तुकडे, नारळ अभंग एक, नारळ फुटका एक. फुटक्याला दुपारपर्यंत मुंग्या लागल्या. हवालदारानं नियमाप्रमाणे त्यांचीही नोंद करायची का, असं गंभीरपणे विचारलं. मी त्याच्यावर खेकसलो.

वाटाड्याला आणून समोर बसवलं.

"धंदा?" मी विचारलं.

"दाखवणे," तो म्हणाला.

चोर खोटं बोलताना छताकडे पाहतो, हा माझा अनुभव. हा माणूस माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. "नऊ वर्सं खरं सांगतलं, साहेब. भिंत इतकी लांब, दरवाजे चार, खिडक्या पाच. लोकं जांभया देत. एक पाव्हणा तं उभ्या उभ्या झोपला. मंग एक दिवस एक म्हातारबा आले. घरचं कोणी गेलं असन, डोळे लाल होते. दगडाकडे पाहून म्हणते, हा कोण? मले माईत नव्हतं, आन् माईत नाई म्हणाची लाज वाटली. म्या त्याईचंच आडनाव सांगून देलं. म्हातारबानं जोडे काढले जी. नऊ वर्सांत कोणी जोडे नव्हते काढले."

"आणि एकच दगड दोघांना कसा दिला?"

त्यानं मान खाली घातली. "दगड अकरा होते. पाळीपाळीनं देत होतो. मागच्या पावसाळ्यात नदीनं चार नेले. पाव्हणे तं तेवढेच. कमी पडले, साहेब."

हसू दाबायला मी दौतीत टाक बुडवत राहिलो. मग, उगाच दरडावून, मला दिलेल्या पूर्वजाबद्दल विचारलं.

"तुमी पोलीस आहा हे तवाच वळखलं," तो म्हणाला. "धोतर व्यापाऱ्याचं, पण पायात सरकारी बूट. बूट काढले तं मोज्याले भोक. व्यापाऱ्याच्या मोज्याले भोक नसते."

"तरी पूर्वज दिलास?"

"परगावचा माणूस. एकटाच फिरून राह्यला. वाटलं, याचं बी इथी कोणीतरी असावं."

मी टाक खाली ठेवला.

आता फिर्यादींचे जबाब. फसवणुकीचा गुन्हा नोंदवायचा तर फिर्यादीनं म्हणायला हवं की मला खोटं सांगितलं गेलं. मास्तरांना विचारलं. ते ताठ बसून म्हणाले, "माझ्या बाबतीत हा मनुष्य सत्यच बोलला आहे. फसवणूक झाली आहे ती त्या गृहस्थांची."

ठेकेदाराला विचारलं. "माहा पुरखा शंभर टक्के खरा," तो म्हणाला. "फसले ते मास्तर. काऊन, मास्तर लोकं भोळे असते."

म्हणजे गुन्हा होता, आरोपी होता, मुद्देमाल होता, पण फसवला गेलेला इसम एकही नव्हता. उलट दोघांनी एकच मागणी धरली: खरा पूर्वज कोणाचा, हे वाटाड्यानं आत्ता, आमच्यासमोर सांगावं. ज्याचा नाही असं तो म्हणेल, तो त्याला खडी फोडायला पाठवल्याशिवाय राहणार नाही. दोघांचीही वरपर्यंत ओळख होती आणि दोघांनी ती मला सांगून झाली होती.

वाटाड्याला हे नीट समजलं होतं. एकाला खरं म्हणावं तर दुसरा फिर्याद देणार. दोन्ही खोटं म्हणावं तर दोघं देणार. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुरुंगाची भीती वाटते?"

"जेल तं राजाच्याच किल्ल्यात हाये, साहेब. भिंती वळखीच्या आहेत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम फुटला. "पण तिथी पाव्हणे येत नाईत जी. दाखवू कोणाले?"

मला त्याची दया आली, हे कबूल करतो. पोलिसाला दया आली की त्यानं नियम उघडून पाहावा, नियमात जागा असतेच. घटनास्थळाचा पंचनामा व्हायचा होता. मी फर्मावलं, सगळे दगडापाशी चला. सीलबंद मुद्देमालही बरोबर घेतला.

दगडापाशी पोचल्यावर वाटाड्या पुढे झाला. दगडावर दोन आकृत्या होत्या, झिजलेल्या, एकमेकींना चिकटून. त्यानं त्यांच्यावरून हात फिरवला आणि सुरुवात केली.

"म्या अर्धंच सांगतलं होतं, ते चुकलं. दोघं होते. एक यायच्या घरचा, एक त्यायच्या. दोघं बी सरदार, दोघं बी तापट. गेटातून आधी कोण जाइन यावरून भांडण लागलं. तू मागं हो, नाई तू मागं हो. भांडता भांडता दरवाजा उघडा राह्यला आन् दुश्मन आला. मंग मात्र दोघं पाठीले पाठ लावून उभे झाले. गाव वाचलं. ते इथीच पडले."

मास्तरांनी मुद्देमालातल्या मोडक्या छत्रीकडे पाठ फिरवली. ठेकेदारानं मात्र घसा खाकरून विचारलंच, "आधी कोण पडलं?"

भांडण पुन्हा पेटणार म्हणून मी दोघांच्या मधे सरकलो.

वाटाड्या डोळा न लववता म्हणाला, "एकाच भाल्यानं, जी."

ठेकेदार ढसाढसा रडला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जिथं सकाळी छत्री बसली होती तिथंच. आता नारळ फोडायचा होता, आणि अभंग नारळ होता लाखेच्या मोहोरेखाली. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी उभ्या उभ्या मुद्देमाल परतीची पावती लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मोहोर तोडली. दोघांनी चार हातांनी तो नारळ फोडला. रोजनामच्यात मी लिहिलं, "उभय पक्षांत समेट. पुढील कारवाईची जरूर नाही."

परतताना हवालदाराला विचारलं, "हे दगड खरे कोणाचे असतील?"

"आमचेच असन, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "गोंडाईचे. पण आमाले कोणी इचारत नाई. जाऊ द्या. पुरखा कोणाचा बी असो, नारळ तं भेटला त्याले."

वाटाड्याला मी सक्त ताकीद दिली. यापुढे कोणाला आडनावावरून पूर्वज द्यायचा नाही. त्यानं कानाला हात लावून शब्द दिला: "जे डोळ्यानं पाह्यलं तेच सांगन." पुढे माझी सिरोंच्याला बदली झाली. तिथं तेलुगू ऐकायला लागल्यावर चांद्याची मराठी मला माहेरची वाटू लागली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. खोटं बोलणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली. बहुतेक जण काहीतरी घेण्यासाठी खोटं बोलतात. देण्यासाठी खोटं बोलणारा तो एकच भेटला, आणि त्याला कोणतं कलम लावावं हे मला आजतागायत सापडलेलं नाही.

निवृत्तीनंतर बायकोला घेऊन मी त्या भागात गेलो. चांद्याचं चंद्रपूर झालं होतं. मी जुनी ओळख सांगितली नाही. चारचौघांसारखा एक गाईड केला. चाळिशीचा असेल. चार दरवाजे, पाच खिडक्या दाखवून त्यानं आम्हाला नदीकडे नेलं. दगड आता पाचच उरले होते. त्या जोड-आकृत्यांच्या दगडापाशी तो थांबला.

"राजाच्या टायमाले इथी एक कोतवाल होता," तो म्हणाला. "लांब पश्चिमेकडून आलेला. भाषा येत नव्हती, डोस्कं गरम, पण माणूस चांगला. एकदा दोन घराणी या दगडासाठी भांडत आली. कोतवालानं दोघाईले इथी आणलं, एका नारळावर भांडण मिटवलं, आन् एका गरीब खोटारड्याले सोडून देलं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आमच्या उस्तादानं. वारले ते. नेहमी म्हणत, बाकीचं आयकलेलं हाये, पण हे म्या डोळ्यानं पाह्यलं."

"किती वर्षांपूर्वीचं?" बायकोनं विचारलं.

"तीनशे असन, बाई."

त्यानं शब्द पाळला होता, फक्त तीनशे वर्षं मागे नेऊन. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"अहो, हे काय? मोज्याला भोक आहे!" बायको कुजबुजली. "कोण लागतो तो कोतवाल तुमचा?"

"आहे," मी म्हटलं. "जरा लांबचा आहे."