शेणव्याच्या सिस्टरचं खातं

"सही माझी हाय ना? मग मीच विचारणार." काउंटरच्या काचेवर बोट टेकवून शेणव्याच्या सिस्टर असं म्हणाल्या, की आमच्या किन्हवलीच्या बँकेत सगळे मान वर करून बघायचे. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. सिस्टर शहापूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा वारलेला. शेणवे गावात मोठ्या दिरांच्या घरी सासूबरोबर एका खोलीत राहायच्या; सासूला त्या आत्या म्हणत.

मस्कतला नोकरी लागली तेव्हा दीर त्यांना घेऊन काउंटरवर माझ्यासमोर आले. "हिचं खातं बंद करा. पगार माझ्या खात्यावर येल."

काचेवर बोट टेकलं. "भाऊ, देश सोडला की खातं बंद करावं लागतं?"

"बंद नाही, ताई. त्याचा प्रकार बदलतो. तिकडच्या पगारासाठी आणखी एक खातं उघडायचं. दोन्ही तुमच्याच नावावर."

"मग बदला. भाऊजी, तुमी बसा जरा."

खरं सांगतो, तो अर्ज मीही पहिल्यांदाच पाहत होतो. दोनदा चुकला, दोनदा मुख्य कार्यालयातून परत आला. दर खेपेला सिस्टर ड्यूटी संपवून एसटीने यायच्या आणि वर मलाच धीर द्यायच्या, "घाबरू नका, भाऊ. काय दुखायचं नाय." तिसऱ्या खेपेला जमलं.

चार वर्षांनी सुट्टीवर आल्या, त्या खर्डीला दोन खोल्यांचं घर ठरवूनच. दुसऱ्या दिवशी खरेदीचा दस्त, आणि खातं अडकलेलं! नव्या पासपोर्टची प्रत मागणारी बँकेची पत्रं दिरांच्या घरी पडून होती, कुणी फोडलीच नव्हती.

मॅनेजर म्हणाले, "आठवडा लागेल."

"परवा माझं विमान हाय, साहेब. मी बसते."

आणि बसल्या. दुपारी डबा उघडून मलाही अर्धी भाकरी दिली. मी कागद पुन्हा पुन्हा पाठवत होतो, मॅनेजर फोनला चिकटलेले. चार वाजता खातं सुरू झालं. सिस्टर रडतील असं मला वाटलं. त्यांनी खणखणीत टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या लोकांना काहीच कळलं नव्हतं, तरी त्यांनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दस्त झाला.

वास्तुशांतीला मी खर्डीला गेलो तेव्हा सिस्टर मस्कतला पोचल्या होत्या. भटजी सासूबाईंना म्हणाले, "आजी, उंबरा ओलांडा."

"थांबा. घर जिचं, ती आधी जाईल."

म्हातारीने व्हिडिओ कॉल लावलेला फोन दोन्ही हातांत धरला, वाकून उंबऱ्याच्या आत ठेवला आणि मागे सरकली. पडद्यावर पांढऱ्या गणवेशातल्या सिस्टर, त्यांच्या खांद्यांवरून डोकावणाऱ्या पाच-सहा नर्सा.

घरातून सिस्टरचा आवाज आला, "या, आत्या. या आत."